धामकाठची चालती-बोलती वर्तमानपत्रं

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)सारख्या गावची बातमी पूर्वी वार्ताहर लिहून पाठवायचा, ती शहरात छापली जायची आणि पेपरच्या गठ्ठ्यातून पुन्हा गावात यायची. आता नालीचं पाणी रस्त्यावर आलं, की पाच मिनिटांत फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि सरपंचाचा चहा संपायच्या आत आमदाराच्या पीएपर्यंत पोचतो. पुढाऱ्यांना हा वेग सोसत नाही, असं सगळे म्हणतात. पण आंजीहून धाम नदीच्या काठानं पवनारपर्यंत गेलं, तर कळतं की दुखणं वेगाचं नाहीच. राज्य करणाऱ्यांना बोलायला माध्यम हवंच असतं. फक्त त्यानं उलट बोलू नये.

पवनारला 17 ऑक्टोबर 1940 रोजी युद्धविरोधी भाषण करून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. आसपासच्या गावांतून ते बोलत राहिले आणि 21 तारखेला त्यांना अटक झाली. सरकारला भाषणापेक्षा त्याच्या बातमीची धास्ती जास्त होती. सत्याग्रहाचा मजकूर छापण्याआधी दिल्लीच्या प्रेस ॲडव्हायजरला दाखवा, असं गांधींच्या ‘हरिजन’ला कळवण्यात आलं. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधींनी मजकूर दाखवला नाही. ‘हरिजन’, ‘हरिजनबंधू’ आणि ‘हरिजनसेवक’ ही तिन्ही साप्ताहिकंच थांबवली. वर लोकांना सांगितलं, की प्रत्येकानं स्वतःच चालतं-बोलतं वर्तमानपत्र व्हावं आणि खात्रीची बातमी शेजाऱ्याच्या कानावर घालावी. याहून स्वस्त पेपर नाही आणि कोणत्याही सरकारला तो बंद पाडता येणार नाही. अट एकच होती. बातमी पक्की हवी, उगाच वावड्या नकोत. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’च्या जमान्यात ही अट कोणी पाळत नाही, पण घातली गेली ती याच जिल्ह्यातून.

गंमत म्हणजे त्याच सरकारचे व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधींशी बोलता यावं म्हणून सेवाग्रामला टेलिफोन बसवला गेला. बापूकुटीच्या परिसरात तो आजही पाहायला मिळतो.

इंग्रज गेले, खोड राहिली. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली तेव्हा विनोबा पवनारला वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी लिहून दिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारनं उचलले आणि आणीबाणीच्या समर्थनासाठी देशभर गाजवले. मौन सुटल्यावर, डिसेंबरमध्ये, विनोबांनी खुलासा केला, की राज्यकर्त्यांचं असतं ते शासन. अनुशासन आचार्यांचं असतं. त्या खुलाशाची अर्थातच कुठे भित्तिपत्रकं लागली नाहीत. पुढे 1976 मध्ये गोहत्याबंदीसाठी 11 सप्टेंबरपासून उपोषण करण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला आणि आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकानं तो छापला. जूनमध्ये पोलीस पवनारच्या आश्रमात आले आणि ‘मैत्री’चे अंक जप्त करून घेऊन गेले. ज्या माणसाचे दोन शब्द सरकारनं डोक्यावर घेतले होते, त्याचंच पुढचं वाक्य सरकारला जड झालं. या जिल्ह्यातला यापेक्षा बोलका दाखला दुसरा नसेल.

मोबाइल आल्यावर छापे घालायला छापखानाच उरला नाही. मग माणसं धरली जाऊ लागली. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्याला ‘लाइक’ दिलं. दोघींना अटक झाली. एका अंगठ्यासाठी अटक! देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा अटकेसाठी वापरलं गेलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66-अ कलमच रद्द केलं.

गावात पुढारी आणि बातमी समोरासमोर येतात ती ग्रुपवर. 2018 मध्ये व्हॉट्सॲपनं ‘फक्त ॲडमिन’ ही सोय दिली. एक बटण दाबलं, की बोलणारा एक आणि बाकी सगळे ऐकणारे! अयोध्येच्या निकालाच्या दिवशी, 9 नोव्हेंबर 2019 ला, अनेक ग्रुप असेच मुके झाले होते. त्या दिवशी ते शहाणपणाचंही होतं. पण सभेत प्रश्न न घेणाऱ्या नेत्याला हे बटण कायमचंच हवंसं वाटलं, तर नवल नाही. सदस्यानं टाकलेल्या पोस्टबद्दल निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला आरोपी करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट केलं. आपल्या भागातल्या प्रत्येक ॲडमिननं हा निकाल माहीत करून घ्यावा.

आता अटकेपेक्षा मोजदादीवर भर दिसतो. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारनं 10 कोटी रुपयांच्या तरतुदीसह माध्यम संनियंत्रण केंद्राला मंजुरी दिली. छापील, वाहिन्यांवरच्या आणि डिजिटल बातम्यांची सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी करायची, आणि दिशाभूल करणारी बातमी दिसली तर लगेच खुलासा द्यायचा, हे त्याचं काम.