जुन्या गाडीचं नवं आयुष्य

चाकांवरच्या प्रवासाच्या इतिहासात १९३६ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावं असं आहे. त्या वर्षी अमेरिकेत एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ नावाचं, मोटारीमागे जोडून न्यायचं, चकचकीत ॲल्युमिनियमचं फिरतं घर बाजारात आणलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैलांच्या सहा जोड्या जुंपलेल्या रथातून निघाली.

या दोन वाहनांत तुलना ती काय, असं कुणीही म्हणेल. पण आज पाश्चात्त्य देशांत त्या काळची फिरती घरं हौसेने दुरुस्त केली जातात, तेव्हा कृत्रिम फोम आणि प्लायवूड काढून त्या जागी लोकर, बुचाचं साल, ताग, जवसाच्या तेलाचा हात दिलेलं लाकूड वापरायचा प्रयत्न होतो. याला पर्यावरणस्नेही नूतनीकरण म्हणतात. आपल्याकडे हे नाव नव्हतं, पण काम होतं. गावोगावचे सुतार-लोहार दर उन्हाळ्यात तेच करत होते.

खानदेशात गाडी सरसकट आली ती तशी उशिराच. त्याआधी मालाची वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून होई. दख्खनमध्ये पूर्वी ज्या गाड्या होत्या, त्या अवजड आणि भरीव चाकांच्या. १८३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला लेफ्टनंट गैसफर्ड या अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला, तो त्या बदलातला एक टप्पा. पुढे रस्ते झाले, मुंबई-आग्रा मार्गावर धुळ्याची पेठ वाढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, भुसावळपर्यंत रेल्वे आली. रेल्वेमुळे गाडी संपली नाही, उलट वाढली. शेतातला कापूस जिनापर्यंत आणि जिनातल्या गाठी स्टेशनपर्यंत न्यायला गाडीच लागे.

ही गाडी कशाची बनलेली असे, ते नीट पाहिलं पाहिजे. चाकाच्या मधोमध तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसणारे वक्र पाटे आणि त्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. सहा पाटे आणि बारा आरे ही सर्वसाधारण रचना. तुंब्याला चिवट बाभूळ, साटीला साग, जिथे भार सोसायचा तिथे तिवस. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन तर इतका कठीण आणि जड की, कुऱ्हाडीची धार बोथट व्हावी. वर छत हवं असेल, तर बांबूच्या कमानी आणि त्यांवर तट्ट्या. अशा छताच्या दमणीतून लेकी आखाजीला माहेरी येत.

धाव चढवणं हा पाहण्यासारखा सोहळा असे. लोहार धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवी. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की प्रसरण पावे, मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. लोखंड आक्रसे आणि सगळे सांधे घट्ट आवळले जात. खानदेशी उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक सैल झालं, तर गाडीवान ते नदीच्या डोहात भिजत ठेवी. लाकूड फुगलं की चाक पुन्हा घट्ट. कण्याला वंगण म्हणून एरंडेल, वाळवीला अटकाव म्हणून बिब्ब्याचं तेल.

यातली महत्त्वाची गोष्ट केवळ साहित्य नैसर्गिक होतं, ही नाही. गाडी सुटी करता येत होती, ही आहे. एक आरा मोडला तर तेवढाच बदलायचा, पाटा फुटला तर तेवढाच. चाक निकामी झालं, तरी धाव दुसऱ्या चाकाला उपयोगी पडे. आजोबांची गाडी नातू हाकत असे. तिच्यातलं निम्मं लाकूड तोवर बदललेलं असे, तरी गाडी आजोबांचीच. सुतार आणि लोहार यांना सुगीत धान्याच्या रूपाने बलुतं मिळे, त्यात या देखभालीचाही मोबदला आला.

या साध्या व्यवहाराला फैजपूरने प्रतिष्ठा दिली. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी भरलेलं हे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की, सारं नगर खेड्यातल्या साहित्यातून आणि खेड्यातल्या कारागिरांच्या हातून उभं राहावं. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. वास्तुरचनेत म्हात्रे यांचा वाटा होता. बांबू आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून टिळकनगर उभं राहिलं. अध्यक्षांचा रथही नंदबाबूंच्याच कल्पनेतला. शहरातून मोटार मागवणं अवघड नव्हतं. पण देशाच्या नेत्याने बैल जुंपलेल्या वाहनातून यावं, यात एक विधान होतं: जे जवळ आहे, त्यातून सुंदर घडवता येतं. पुढे फेब्रुवारी १९३८मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला सुभाषचंद्र बोस यांच्या रथाला ५१ बैल जोडले, तेव्हाही नगराची सजावट नंदबाबूंचीच होती.

स्वातंत्र्यानंतर रबरी धावांची, आपण ज्यांना ‘डनलॉपची गाडी’ म्हणतो ती, वाहनं पसरली. त्याबद्दल नुसता खेद करणं बरोबर नाही. त्या गाडीत बैलाला ओढ कमी पडते, भार जास्त नेता येतो आणि लोखंडी धावेने डांबरी रस्ता उखडतो तसा उखडत नाही. मात्र दुरुस्ती गावाबाहेर गेली. टायर फाटला, बेअरिंग गेलं की तालुक्याला जायचं. त्यानंतर ट्रॅक्टर आला आणि जुनी गाडी बांधावर उभी राहिली.

तिच्याकडे केवळ आठवणींचा ठेवा म्हणून पाहणंही अपुरं आहे. धुळे-जळगावकडचे ऊसतोडणी मजूर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे बैलगाडीसह हंगामाला जात राहिले. महिनोन्‌महिने पोराबाळांसह तळावर काढताना सामान गाडीत आणि सावली गाडीखाली. फिरतं घर ही कल्पना आपल्या माणसांनी हौसेसाठी नव्हे, पोटासाठी जगली आहे.

आता हॉटेलांच्या दारात, लग्नाच्या मंडपात, ढाब्यांपुढे जुन्या गाड्या रंगवून ठेवलेल्या दिसतात. कुजक्या लाकडावर झगझगीत ऑइल पेंट मारला की फोटो छान येतो. पण आत ओल कोंडली तर लाकूड आतून जातं, आणि दोन पावसाळ्यांत वाहन भंगारात निघतं. खरी दुरुस्ती उलट्या क्रमाने होते. आधी खिळ्यापासून पाट्यापर्यंत सगळं तपासायचं, जे शाबूत आहे ते हलवायचं नाही. गेलेला तुकडा तेवढाच कापून त्याच जातीचं, नीट वाळलेलं लाकूड जोडायचं. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, म्हणजे ते श्वास घेतं. छताला बांबू, गादीला आपल्याच कापसाची सरकी काढलेली रुई. रावेर-यावलच्या केळीच्या खांबांपासून धागा निघतो, त्याची चटई खाली अंथरता येते. जुनी मोटार किंवा ट्रॉली दुरुस्त करायची असली, तरी नियम हाच.

लाकूड, बांबू, तेल या गोष्टी अजून मिळतील. दुर्मीळ होत आहेत ते हात. धावेचा घेर किती कमी ठेवायचा, आरा तुंब्यात किती तिरपा बसवायचा, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि सुताराच्या मनगटात जास्त असतं. आपल्या पंचक्रोशीत असा एखादा म्हातारा कारागीर अजून असेल, तर त्याला संग्रहालयाच्या उद्घाटनाला शाल देण्यापेक्षा एक मोडकं चाक आणि दोन शिकाऊ पोरं द्यावीत. चाकाच्या मजुरीत ज्ञानाचीही किंमत धरावी. मग गाडी कुठे उभी राहते याला फारसं महत्त्व नाही. ती पुन्हा दुरुस्त करता येईल, याला आहे.