काव्यातील साम्य आणि चौर्य

एका कवीची कल्पना दुसऱ्याच्या काव्यात आढळली की आपण चटकन चौर्याचा आळ घेतो. या आळाची चिकित्सा आपल्या देशात अकराशे वर्षांपूर्वीच झाली होती, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

नवव्या शतकात, काश्मीरचा राजा अवंतिवर्मा याच्या काळी, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' रचला. दोन काव्यांतील साम्याला तो 'संवाद' म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार करतो. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे. ही दोन्ही निर्जीव, म्हणून त्याज्य. तिसरे दोन सजीव देहांमधले. चेहरेपट्टी मिळतीजुळती असली तरी प्रत्येकाचा आत्मा निराळा. तेथे दोष नाही. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या हरणाची अधिक बारकाईने वर्गवारी केली. हाच राजशेखर आपला पूर्वज अकालजलद याला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवितो.

ही कसोटी शकुंतलेच्या कथेला लावून पाहावी. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत शकुंतलेला पुरते ओळखतो, पण लोकापवादाच्या भयाने नाकारतो. आकाशवाणी झाल्यावरच तिचा स्वीकार करतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. हक्काची कथा विस्मृतीची आणि पश्चात्तापाची झाली. देह ओळखीचा, आत्मा नवा!

हे नाटक 1789 मध्ये विल्यम जोन्सने इंग्रजीत नेले, 1791 मध्ये गेऑर्ग फोर्स्टरने जर्मन भाषेत. ते वाचून गटे मोहून गेला. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. येथे मात्र कसोटीचीच परीक्षा होते, कारण कथानक कालिदासाचेच होते. तरीही साकी, दिंडी यांसारख्या घरच्या चालींतून ते मराठी कानांपर्यंत पोहोचले आणि संगीत नाटकाची परंपरा बहरली. केवळ कथानक ताडून पाहणाऱ्याला हा जिवंतपणा दिसणार नाही.

1967 मध्ये पॅरिसमध्ये ज्युलिया क्रिस्तेवा यांनी प्रत्येक संहिता इतर संहितांतूनच घडते, असा सिद्धान्त मांडला. तो संबंध अटळ आहे, हे त्यातून कळते. पण त्या संबंधातून निपजलेली कृती जिवंत आहे की निर्जीव, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो आनंदवर्धनाने विचारला होता. अनुवाद आणि रूपांतरे यांवर पोसलेल्या आपल्या वाङ्मयाने तो स्वतःला पुनःपुन्हा विचारला पाहिजे. उसने घेण्यात कमीपणा नाही. घेतलेल्यात प्राण न ओतण्यात आहे.