मृगसाल

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर म्हातारी माणसं जन्मतारीख सांगत नाहीत. 'आर्द्रा लागली होती, लावणी चालू होती,' एवढंच सांगतात. आमच्या घरी तरी वेगळं काय होतं? रोजे नि ईद चंद्रावर, पण भाताचा तरवा नक्षत्रावर. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. मोहरम कधी पावसात येतो, कधी थंडीत. त्यावर शेती करता येत नाही.

ही अडचण जुन्या सुलतानांनाही आली होती. सारा वसूल करायचा तर पीक खळ्यावर हवं. म्हणून १३४४ च्या सुमारास दख्खनेत सुहूर सन सुरू झाला. आकड्यांची नावं अरबी, सलास, आर्बा, खमस अशी. आणि वर्षाचा पहिला दिवस कोणता, तर सूर्य मृग नक्षत्रात शिरेल तो! म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शिवाजी महाराजांच्या पत्रांत, पेशव्यांच्या दप्तरात हाच सन भेटतो. अरबी आकडे आणि मृगाचा पाऊस एकाच कागदावर सुखानं नांदत होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता म्हातारे म्हणतात, मृग खोटा पडतो. कोणी म्हणतं झाडं तोडली म्हणून, कोणी म्हणतं माणसाची नियत फिरली म्हणून. पंचांगाचाही यात थोडा वाटा आहे. मृगाची तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. सुहूर सन सुरू झाल्यापासून ती नऊ-दहा दिवस सरकली. पण एका आयुष्यात फार तर एक दिवस. म्हाताऱ्यांनी पाहिलेला फरक त्यात मावत नाही.

हवामान खात्यानं २०२० मध्ये जुन्या तारखा बदलल्या. त्या १९०१ ते १९४० च्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख १० जूनची ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच. परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं असतं! २०१९ च्या ऑक्टोबरअखेर कापून पसरलेल्या भाताला शेतातच मोड आले. आणि २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. रोहिणी नुकती लागलेली. धूळवाफ पेरणी करायची त्यांना कोरडी माती मिळाली नाही.

त्याच पावसाची बातमी किनाऱ्यावरच्या शहरात वेगळी असते : तलावं किती भरली? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो, पुढं भातसा आला. दोन्ही शहापूर तालुक्यातले. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो.

एका म्हाताऱ्या ठाकूरबाबांना मी ती ८ ऑक्टोबरची तारीख सांगितली. विळा बाजूला ठेवून ते म्हणाले, "ती ममईची. आमच्या पाड्याची कुठली, ती सांग ना."