माती उपसणारे आणि पाणी पिणारे

सोलापूरकराला पाण्यावर लिहायला सांगणे म्हणजे उपाशी माणसाला फराळाच्या ताटाचे वर्णन करायला सांगण्यासारखे आहे. तरी संपादकांचा आग्रह मोडवत नाही. मात्र मी सांगणार आहे ती हकीकत पाण्याची जितकी, तितकीच पैशाचीही आहे. गेली दीडशे वर्षे सरकार आमच्या जिल्ह्यात माती-पाण्याच्या कामांवर पैसा खर्च करीत आले. त्यातला पुष्कळसा गोरगरिबांच्या नावाने आला. त्यांच्या हाती अखेर काय उरले, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्याकडे वर्षाला सरासरी 22 इंच पाऊस पडतो; म्हणजे कागदावर पडतो. प्रत्यक्षात तो कधी आश्विनात एकदम कोसळतो, कधी वाट चुकतो. शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून बांधलेला एकरुखचा तलाव, ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो 1871 साली पुरा झाला. पुढे पाचच वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. 1876-77 च्या त्या दुष्काळात आष्टीच्या तलावावर हजारो हात लागले. आज तो तलाव मोहोळ तालुक्यात आहे.

त्या हातांना मिळत काय होते? सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविलेली मजुरी प्रसिद्धच आहे: दिवसाला पौंडभर धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर. अंगमेहनतीच्या माणसाने तेवढ्यावर दिवस काढायचा. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मजुरांनी कामावर जायचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची गाऱ्हाणी सरकारदरबारी लावून धरली. उपाशी माणसाने पोटासाठीच काम सोडावे, ही गोष्ट साहेबाच्या हिशेबात बसत नव्हती. पुढे 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, त्यावरून दुष्काळसंहिता झाल्या, आणि लोकांना जगविणे हे सरकारचे कर्तव्य आहे हे निदान कागदावर उतरले. तथापि त्या सगळ्या विचारात मजूर हा जगवायचा जीव होता; तलावाच्या पाण्याचा वाटेकरी नव्हता. तलाव झाला की पाट निघाले, आणि पाट ज्याच्या रानातून गेला त्याचे रान भिजले.

स्वराज्याच्या आधीच्या दशकांतही रीत फारशी बदलली नाही. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले आणि तेथल्या प्रयोगांनी आमच्या शाळूच्या शेतकऱ्याला पुष्कळ शिकविले. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्याने बांधबंदिस्तीला जोर आला. कामे चांगली होती, यात वाद नाही. पण बांध घालायचा तर आधी जमीन हवी! महारवाड्यात, मांगवाड्यात, वडारांच्या पालांत बांध घालायला होते काय?

मग 1972 उजाडले. ते साल मी पाहिले आहे. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायांची न संपणारी रांग, मुकादमाच्या हातातला हजेरीपट, परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि पोरांसाठी सुकडी. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचा तसा हाहाकार झाला नाही, ही या राज्याच्या इतिहासातली साधी गोष्ट नव्हे.

या यशामागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे होते. विधानपरिषदेचे सभापती असलेल्या या गृहस्थांनी 1965 च्या सुमारास आपल्या भागात प्रयोग करून मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या गळी एक कल्पना उतरविली: काम मागेल त्याला काम द्यायचे, उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून. 1977 साली त्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर दिवसाला निदान एक रुपया भत्ता द्या.

आणि पैसा? येथे वाचकांपैकी नोकरदारांनी जरा कान द्यावा. आपल्या पगारातून ‘व्यवसाय कर’ म्हणून जी रक्कम कापली जाते, तिचा कायदा 1975 सालचा, आणि तो या हमीसाठीच केलेला. करातून येईल तेवढीच भर सरकारनेही घालायची, असे ठरले. माझ्याही पगारपत्रकावर ती ओळ वर्षानुवर्षे होती आणि तिच्याकडे पाहून मी दर महिन्याला नाक मुरडीत असे. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कोरडवाहू गावातल्या बाईची मजुरी निघावी, अशी व्यवस्था त्या काळी जगात फार ठिकाणी नव्हती.

परंतु आता पाझर तलावाकडे या. हमीच्या कामांत याचे महत्त्व मोठे. नाला अडवून मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी साठवायचे, आणि ते मुरमातून झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना उतरू द्यायचे. युक्ती नामी. पण विहीर कोणाची? ज्याची जमीन, त्याची. ज्या बाईने सहा महिने पाटी वाहिली, तिची मजुरी त्या आठवड्याच्या बाजारात संपली. विहिरीचे पाणी मात्र पुढे वीस वर्षे बागायतदाराच्या रानात खेळत राहिले. कोणी लबाडी केली असे नव्हे. जमीन जशी वाटली गेली होती, तसे पाणी वाटले गेले, इतकेच. सरकारी हिशेबात दोघेही लाभार्थी.

हा तिढा ओळखणारे लोक निघाले. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटायचे. माणशी अर्ध्या एकराचे. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस कोणालाच नाही. आमच्या जिल्ह्यात, जेथे उजनीचे पाणी आल्यावर उसाच्या मोळ्या आणि कारखान्यांची धुराडी वाढतच गेली, तेथे हा नियम ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील.

सरकारनेही आपल्या परीने वाट शोधली. 1988-89 पासून दशलक्ष विहीर योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि वेठबिगारीतून सुटलेल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात विहिरी निघाल्या. 1990 पासून हमीच्या पैशातून फळबागा लागू लागल्या. गणपतराव देशमुखांच्या सांगोल्यात त्यातून डाळिंब असे काही रुजले, की माळरानावरच्या लहान शेतकऱ्याने प्रथमच पक्के घर बांधले. पुढे तेल्या रोगाने त्या बागांना रडविले, ही गोष्ट वेगळी. मला या दोन योजना जुन्या कामांहून निराळ्या वाटतात, कारण येथे मजुरी करणारा आणि फळ खाणारा कधीकधी एकच माणूस होता.

पण ज्याला मुळात गुंठाभर रान नाही, त्याचे काय? 2004 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने योजना निघाली: भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. हेतू उत्तम. अडचण इतकीच, की जमीन विकणारा सरकारी दराला आणि गावच्या रिवाजाला, दोन्हींना पाहून विकतो.

मधल्या काळात भूमिहीनाला मोठ्या धरणाच्या पोटातली एक जमीन मिळू शकते. उन्हाळ्याकडे पाणी ओसरले की तळातली काळी गाळपेर उघडी पडते. ती एका हंगामापुरती कसायला देताना धरणग्रस्तांबरोबर भूमिहीन आणि मागासवर्गीयांनाही अग्रक्रम द्यायचा, असा नियम आहे. तेथे कोणी हरभरा टाकतो, कोणी कलिंगड लावतो. मृग लागायच्या आत पीक काढावे लागते, नाहीतर पाणी पुन्हा चढते.