सुई कोणाच्या हाती? : गडचिरोलीच्या नवजात बालकांचा इतिहास

१/ १९७८ साली अल्मा-आटा येथील परिषदेत 'इ.स. २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय जाहीर झाले. घोषणा उदात्त होती. परंतु जेथे डॉक्टर पोहोचत नाही तेथे उपचार कोणी करावेत, हा प्रश्न उरलाच. त्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत शोधले गेले.

२/ वाट आधीच पडू लागली होती. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड परिसरात गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतील अनेक निरक्षर, कित्येक दलित. आरोग्याचे ज्ञान प्रथमच त्यांच्या ओटीत आले.

३/ गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने तेथे 'सर्च' संस्थेचे काम आरंभले. त्यांचा पहिला मोठा प्रयोग बालकांच्या न्यूमोनियावर होता. बाळाचा श्वास वेगाने चालला आहे, हे अंक न शिकलेल्या दाईने कसे ओळखावे? त्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधे श्वासमापक तयार झाले.

४/ न्यूमोनियाचे मृत्यू घटले. तरी जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बालकाच्या दृष्टीने सर्वांत घातक राहिले. बाळंतीण आणि बाळ या काळात घराबाहेर पडत नसत. रुग्णालय दूर आणि खर्चीक. बाळ रुग्णालयात जात नसेल, तर उपचाराने बाळाच्या घरी जावे, हा विचार येथून निघाला.

५/ १९९३ पासून ३९ गावांत हा प्रयोग आखला गेला, तर ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. आधी दोन वर्षे केवळ नोंदी झाल्या. प्रयोगाच्या गावांत दर १००० जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. निम्म्याहून अधिक मृत्यूंमागे जंतुसंसर्ग होता.

६/ मग 'आरोग्यदूत' घडल्या : गावच्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया. प्रसूतीच्या वेळी दाईसोबत हजर राहणे, बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, ही त्यांची कामे. जंतुसंसर्ग दिसल्यास त्या तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देत.

७/ खरा वाद या इंजेक्शनाचा होता. दोन-अडीच किलोच्या जिवाला डॉक्टर नसलेल्या स्त्रीने सुई टोचावी काय? ही शंका पोकळ नव्हती. मात्रा चुकली तर अपाय अटळ. म्हणून कुटुंबाला प्रथम रुग्णालयाचाच सल्ला दिला जाई. नकार आला तरच संमतीने घरी उपचार होत. तेथे दुसरा पर्याय डॉक्टर नव्हता. उपचाराविना मृत्यू हा होता.

८/ उत्तर आकड्यांनी दिले. १९९७-९८ मध्ये प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'ने हा अभ्यास प्रसिद्ध केला.

९/ लहान क्षेत्रात, कडक देखरेखीखाली साधलेले यश इतरत्र टिकेल काय, हा पुढचा आक्षेप. बांगलादेशातील सिल्हेटमध्ये अशाच गृहभेटींच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये आले : नवजात मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

१०/ २०११ मध्ये भारत सरकारने नवजात बालकांची घरगुती काळजी 'आशा' कार्यकर्तींकडे सोपवली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी, घरी जन्मलेल्याच्या ७. वजनकाटा व तापमापक देशभरच्या गावांत गेले.

११/ इंजेक्शन मात्र मागे राहिले. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिनचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकेला, म्हणजे एएनएमला दिला, 'आशा'ला नाही. गडचिरोलीच्या प्रयोगातून देशाने गृहभेट स्वीकारली, पण गावच्या स्त्रीच्या हातावर तेथे टाकलेला पूर्ण विश्वास स्वीकारला नाही. सुई कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न म्हणूनच औषधशास्त्राइतकाच सत्तेच्या इतिहासाचाही आहे.