वकिलीची सनद : निलंबन व पुनःस्थापना

न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडण्याचा अधिकार देणाऱ्या परवान्यास सनद म्हणतात. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल हा अधिकार काही काळापुरता स्थगित करणे म्हणजे निलंबन. मुदत संपल्यावर किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाने तो परत मिळणे, ही पुनःस्थापना होय. नामपटातून नाव काढून टाकणे ही याहून कठोर शिक्षा असून ती आपोआप संपत नाही.

ब्रिटिश अंमलात मुंबई इलाख्यातील जिल्हा न्यायालयांच्या वकिलांचे नियमन प्रथम १८२७ च्या विनियमान्वये व पुढे १९२० च्या मुंबई वकील अधिनियमान्वये होई. सनद काढून घेण्याची सत्ता न्यायसंस्थेच्या हाती असल्याने राजकीय मतभेद व व्यावसायिक दोष यांतील सीमारेषा पुसट होती. १९१९ मध्ये सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही करणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांना मुंबई उच्च न्यायालयासमोर जाब द्यावा लागला. बॅरिस्टरांचे नामपट मात्र लंडनच्या विधिसंस्थांकडे असत. राजद्रोहाबद्दल १८ मार्च १९२२ रोजी सहा वर्षांची शिक्षा झालेले म. गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात असतानाच १० नोव्हेंबर १९२२ रोजी इनर टेंपलने त्यांचे नाव कमी केले. ते पुन्हा नोंदविले गेले १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी. याच संस्थेने १९०९ मध्ये नाव काढलेले श्यामजी कृष्ण वर्मा यांची पुनःस्थापना २०१५ मध्ये झाली. या दोन्ही पुनःस्थापनांना व्यावहारिक फळ नव्हते; मूळ निर्णयातील अन्यायाची ती उशिरा दिलेली कबुली होती.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये ही सत्ता वकिलांच्याच निर्वाचित संस्थेकडे आली. राज्य विधिज्ञ परिषदेची शिस्तपालन समिती चौकशीनंतर ताकीद देऊ शकते, निलंबन करू शकते वा नाव काढू शकते. तिच्या आदेशावर साठ दिवसांत भारतीय विधिज्ञ परिषदेकडे व तेथून पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. केवळ अपील दाखल केल्याने आदेशास स्थगिती मिळत नाही; ती स्वतंत्रपणे मागावी लागते. समितीस आपल्या आदेशाचे पुनर्विलोकनही करता येते. मात्र राज्य समितीचा असा आदेश भारतीय परिषदेच्या मान्यतेवाचून अंमलात येत नाही. निलंबनकाळात वकिलास देशातील कोणत्याही न्यायालयात काम करता येत नाही. त्यामुळे शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांच्या न्यायालयांत एकाच वकिलावर विसंबलेल्या पक्षकारासही त्याची झळ पोहोचते.

अपिलात मिळालेली पुनःस्थापना अंतिम असतेच असे नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दाराशी पक्षकार ओढून घेणाऱ्या काही वकिलांना राज्य परिषदेने तीन वर्षांसाठी निलंबित केले होते. भारतीय परिषदेने त्यांना दोषमुक्त केले. त्याविरुद्ध राज्य परिषदेला अपील करता येते आणि असे वर्तन गैरवर्तनच ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. उलटपक्षी, न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही. तो अधिकार विधिज्ञ परिषदेचा आहे, असे त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ मध्ये ठरविले. सनद काढून घेणारा व परत देणारा अधिकारी कोण असावा, या जुन्या प्रश्नाचे उत्तर या दोन निर्णयांनी बव्हंशी स्पष्ट झाले.