न्कोमे: एका नदीची दोन नावे

झुलूंची न्कोमे नदी बोअरांच्या इतिहासात ‘रक्तनदी’ झाली, ती १६ डिसेंबर १८३८ च्या लढाईनंतर. बैलगाड्यांच्या कोटाआडून सुमारे ४७० बोअरांनी हजारो झुलूंना परतवले. सुमारे ३,००० झुलू पडले, बोअर एकही नाही. विजेत्यांना यात ईश्वराला केलेला नवस फळलेला दिसला. त्याच फेब्रुवारीत राजा डिंगानेने पीट रेटीफला साथीदारांसह दग्याने मारले होते, हेही खरेच. आम्हांला खटकतो तो या कथेचा तिथेच होणारा शेवट. कारण १८४० मध्ये डिंगानेला हरवले ते त्याचाच सावत्र भाऊ म्पांडे याच्या झुलू सैन्याने, बोअरांशी हातमिळवणी करून. मोबदल्यात म्पांडेला गुरे आणि भूमी द्यावी लागली. ‘दोन वंशांचा संग्राम’ या शीर्षकाखाली हे प्रकरण बसवायचे कुठे?